दोनशे वार, बिनसांध्याची

लोटन मिस्त्री दुकानाची पायरी चढताना दिसला की माझे वडील भिकमचंदजी पंचांग उघडून बसायचे. मुहूर्त वगैरे काही बघायचा नसे. लोटन वायर मोजायला लागला की त्यांना ते बघवत नसे, एवढंच.

आमचं वायरी-बल्बांचं दुकान जळगावात, सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. गिऱ्हाईक वायर मागतं, आम्ही ती वारावर मोजून देतो, ते पिशवीत टाकतं आणि जातं. जगात सगळीकडे असंच चालतं. लोटनचं तसं नव्हतं. वायरच्या आत तारेचे बारीक पदर असतात. छत्तीस नंबरच्या तारेचे चाळीस पदर एकत्र पिळलेले असले, तर तिला चाळीस-छत्तीस म्हणायचं. हे आम्ही म्हणायचं आणि गिऱ्हाइकानं मान डोलवायची. लोटन मान डोलवत नसे. तो वायरचं टोक दाढेखाली धरायचा, वरचं साल सोलायचा, पदर तळहातावर पसरायचा आणि आगकाडीच्या टोकानं एकेक बाजूला सारत मोठ्यानं मोजायचा. एकोणचाळीस भरले तर पुन्हा पहिल्यापासून.

"अरे बाबा, चाळीसच आहेत," वडील पंचांगातूनच म्हणायचे. "कंपनीनं मोजून भरलेत."

"शेठजी, कंपनीनी तिन्हासाठे मोज्यात. मी मनासाठे मोजस."

मग तो सोललेलं टोक जिभेला लावायचा. चांगलं तांबं गोडसर लागतं आणि भेसळीचं तुरट, असं त्याचं म्हणणं. मी एकदा वडील जेवायला गेल्यावर दुकानातल्या सगळ्या वायरी चाटून पाहिल्या. सगळ्या वायरीसारख्याच लागल्या. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, इंटर सायन्स झालेला होतो, आणि विजेतलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. या माणसानं ती तीन-चार वर्षांत पार उतरवली, म्हणून त्याच्याविषयी लिहायला बसलो आहे.

लोटनचं गाव नांदरखेडे. जळगावहून चोपड्याकडे निघालं आणि तापी ओलांडली की आत वळायचं. आडनाव पाटील, पण गावात पाटलांची साठ घरं, त्यामुळे ते आडनाव असून नसल्यासारखंच. सगळे त्याला भोंगेवाला लोटन म्हणत. थोडी शेती, आणि शेतीला जोड म्हणून लग्नाकार्यात, सभेत, यात्रेत लाउडस्पीकर लावायचा. दोन भोंगे, एक माईक, एक तबकड्या वाजवायचं यंत्र आणि एक ॲम्प्लिफायर. ॲम्प्लिफायरला तो मशीन म्हणायचा. धंद्यातले बाकीचे लोक मशीनची फुशारकी मारत, माझं इतक्या वॅटचं, तुझं तितक्या. लोटन त्यांच्यात बसून नुसता हसायचा.

"मशीन काय, पैसा टाका का भेटस. वायर समजनी जोयजे." आणि मला समजावून सांगायचा, मी इंटर सायन्स असूनही. "पाट बारीक व्हयना ते शेवटना वाफा कोरडा ऱ्हास. भोंगाबी वाफाच शे, भाऊ."

म्हणजे भोंगा मशीनजवळ असेल तर बारीक वायर चालते. लांब असेल तर जाड लागते, नाहीतर निम्मा आवाज वाटेतच मुरतो. कॉलेजात हेच आम्हाला फळा भरून शिकवलं होतं आणि माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

त्याचा खरा राग होता तो सांध्यावर. दोन वायरी जोडून लांब केलेली वायर त्याला बघवत नसे. "एकेक सांधावर एकेक चोर बठेल ऱ्हास. येता-जाता आवाजमातून मूठभर काढी लेस." ॲल्युमिनियमची तर गोष्टच नको. त्या काळात तांब्याची टंचाई होती आणि बाजारात जिकडे तिकडे पांढरी वायर आली होती. मी एकदा ती त्याच्यासमोर ठेवली. तो उठला, टोपी घातली आणि चालता झाला. चार महिने फिरकला नाही. मग पोस्टकार्ड आलं: "पांढरी वायर दाखवणे बंद झाले असल्यास कळवावे. आपला लोटन." मी उलट टपाली कळवलं.

एकोणसत्तर सालच्या माघात तो आला तो थेट गादीवर बसला. असं तो कधी बसत नसे. मुलीचं, सुनंदाचं, लग्न ठरलं होतं; तो तिला सुना म्हणायचा. धुळ्याकडचं स्थळ, वैशाखात मुहूर्त, संध्याकाळचा गोरज.

"सत्तर-छत्तीस पाहिजे," तो म्हणाला. "दोनशे वार. बिनसांध्यानी."

आता वायरचं बंडल शंभर वारांचं येतं. सगळ्या हिंदुस्थानात शंभर वारांचंच येतं. मी दोन बंडलं काढून पुढे ठेवली आणि म्हटलं, "लोटनभाऊ, सांधा मी स्वतः डाखीन. वर अशी पट्टी गुंडाळीन की तुम्हालासुद्धा सापडायचा नाही."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू मुलीसाठी दुसरेपणाचा नवरा सुचवतो आहे. "मना लगीनमा चालता सांधा," तो म्हणाला. "हाई सुनानं लगीन शे."

मी मुंबईला तीन पत्रं लिहिली. पहिल्या दोन पत्रांना शंभर-शंभर वारांची बंडलं पाठवतो असं उत्तर आलं. तिसरं पत्र मी रागानं लिहिलं. चैत्रात रेल्वे पार्सलनं एक लाकडी रीळ आलं, लालभडक वायरचं, सलग दोनशे वार. लोटन ते घ्यायला आला आणि दुपारभर आमच्या पायरीवर बसून सगळीच्या सगळी वायर त्यानं चिमटीतून सरकवली. गिऱ्हाइकं त्याला ओलांडून आत येत होती. वडिलांचं पंचांग पुढच्या वर्षापर्यंत वाचून झालं. शेवटचं टोक हातात आल्यावर त्याचा चेहरा इतका सुखी झाला की माझा सगळा वैताग गेला.

मग इकडेतिकडे बघून तो हळूच म्हणाला, "निर्मलशेठ, एक काम शे. लगीनना दिवशी मशीनवर तुम्ही बठा."

"मी? आणि तुम्ही?"

"चारशे लगीनं लायात मी. एक बी देखं नही."

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं सांगितलं. अक्षता पडतात तो क्षण भोंगेवाल्याचा सगळ्यात वाईट. भटजी माईकवर ओरडतो, वाजंत्री सुटते, माणसं लोटतात, आणि नेमका तेव्हाच भोंगा शिट्टी मारायला बघतो. तेव्हा नजर मशीनवर आणि हात बटणावर ठेवावा लागतो. वीस वर्षं लोटन मांडवाकडे पाठ करून बसला होता. नवरा-नवरीच्या डोक्यावर अक्षता पडताना कसं दिसतं, हे त्यानं स्वतःच्या लग्नातसुद्धा नीट पाहिलं नव्हतं, कारण तेव्हा मध्ये अंतरपाट होता आणि तो घाबरलेला होता.

"सुनानं लगीन माले देखनं शे," तो म्हणाला. "फेटा बांधीसन, समोर उभा ऱ्हाईसन."

असं कुणी मागितल्यावर नाही कसं म्हणणार? मी तीन रविवार नांदरखेड्याला जाऊन मशीन शिकलो. शिकण्यासारखं फार नव्हतं. बटणावर हात ठेवायचा आणि तो शक्यतो हलवायचा नाही.

तिथेच मी सुनंदाला पाहिलं. लहानपणी, आई भिकुबाई शेतात गेली की लोटन तिला लग्नांना सोबत न्यायचा. लांबच्या भोंग्याखाली तिला उभं करायचा आणि स्वतः माईकवर विचारायचा, "सुना, आवाज ऐकू येस का?" चांगला येत असेल तर ती डोक्यावरचं लाल फडकं काढून आपल्या नानाला, म्हणजे बापाला, हलवून दाखवायची. कमी येत असेल तर जमिनीवर बसकण मारायची. चाळीस गावांत लोकांनी त्या पोरीला अशी उठताना-बसताना पाहिलं होतं. आता ती अठरा वर्षांची झाली होती आणि वायरचे पदर बापापेक्षा लवकर मोजत होती. वायर मात्र चाटत नव्हती.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी पोचलो तेव्हा लोटननं सगळं लावून ठेवलं होतं. गावाच्या एका टोकाला त्याचं घर, पुढे मांडव, बाजूला निंब, आणि निंबावर एक भोंगा. दुसऱ्या टोकाला शाळा. तिथे वऱ्हाडाचा मुक्काम, म्हणजे जानोसा, आणि शाळेच्या पत्र्यावर दुसरा भोंगा. मधलं अंतर बरोबर दोनशे वार, लोटननं ते माघातच मोजलं होतं. मधोमध तानुबाईचा उकिरडा होता. वीस वर्षांचं शेण आणि केरकचरा साठून तो गावातली सगळ्यात उंच जागा झाला होता. मशीन मांडवात. निंबावरच्या भोंग्याला हातभर अंतर, म्हणून बारीक जुनी वायर. शाळेच्या भोंग्याला ती लालभडक सत्तर-छत्तीस, घरांच्या धाब्यांवरून ताणत नेलेली. मी मनोमन हात जोडले. इतकी बिनचूक निवड मी पुस्तकातही पाहिली नव्हती.

तेवढ्यात मागे कुणीतरी खाकरलं. नवरीचा मामा, भिकुबाईचा भाऊ पुना. त्याच्या विहिरीवर पाण्याची मोटार होती, त्यामुळे विजेतलं आपल्यालाही कळतं असं त्याचंही मत होतं.

"ती लाल जाडी वायर कोनी शे?"

"जानोशाची," मी म्हटलं.

"नि मांडवनी?"

"ती बारीक. तुम्हाला जाड वायरची गरज नाही."

हे वाक्य मी बोलायला नको होतं. शास्त्राच्या दृष्टीनं त्यात चूक नव्हती. लग्नघराच्या दृष्टीनं त्याच्याइतकं वाईट वाक्य शोधून सापडलं नसतं. पुनामामा नुसता मिशीवरून हात फिरवत निघून गेला. मला वाटलं त्याला पटलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी आणि लोटन सायकलवर चोपड्याला गेलो, संध्याकाळसाठी भारलेली बॅटरी आणायला. परतताना ऊन चढलं होतं. गावाबाहेरच्या केळीच्या बागेपाशी लोटननं सायकल थांबवली आणि कान टवकारले. गावात तबकडी वाजत होती. मला काही वेगळं वाटलं नाही.

"मना एक भोंगा आजारी शे," लोटन म्हणाला.

मांडवात येऊन पाहतो तो मांडवाच्या पुढच्या चारही खांबांना आमची लाल वायर गुंडाळलेली. वडाला सूत गुंडाळतात तशी, एकेका खांबाला वेढ्यावर वेढे. शेवटचं टोक निंबावरच्या भोंग्याला. हातभर अंतरासाठी दोनशे वार! आणि शाळेकडे? माळ्यावर एक जुनी चौदा पदरांची वायर पडलेली होती, अकरा सांध्यांची. लोटननं ती टाकून द्यायची म्हणून बाजूला काढली होती. ती गेली होती शाळेकडे. खांबाशी पुनामामा उभा होता, बहिणीच्या अब्रूचं रक्षण केल्यासारखा.

"मांडव मनी भाचीना, नि जाडी वायर त्यासले? आमले सुतळी?" तो म्हणाला.

लोटन काही बोलायच्या आत शाळेकडून निरोप आला. वऱ्हाड उतरलं होतं आणि उतरल्या उतरल्या रुसलं होतं.

आम्ही धावत गेलो. नवरदेवाचे वडील, धनसिंग आबा, शाळेच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते. डोक्यावर पत्र्यावरचा भोंगा अकरा चोरांच्या तावडीतून सुटलेला आवाज कसाबसा बाहेर टाकत होता.

"मांडवना भोंगा गाना म्हनस," आबा भिंतीला म्हणाले. "आमना भोंगा खोकस."

"आबा, चूक व्हयनी..."

"लगीन लाई टाका तुमना तुम्ही. आमले बलायं का नही, तेच ऐकू उनं नही."

लोटननं हात जोडले आणि लगेच वायर बदलतो म्हणून मांडवात परत आला. तिथे पुनामामा खांबाला टेकून उभा. "ती वायर हालनी ते मी बी हालनू. मंग नवरीले बोहलावर कोन लई येस ते देखस."

आता लोटनच्या अडचणीचा विचार करा. लाल वायर मांडवात ठेवली तर वऱ्हाड शाळेतून हलत नाही. शाळेकडे नेली तर मामा गावाला जातो, आणि मामाशिवाय नवरी बोहल्यावर येत नाही. जुनीच वायर दोन्हीकडे लावली तर मांडव गातो आणि शाळा खोकते, कारण शाळा लांब आहे. अंतराला मानपान कळत नाही आणि मानपानाला अंतर कळत नाही. मी पुनामामाला विजेचा नियम समजावून सांगायला गेलो. तो म्हणाला, "तुम्ही मंघाशीच सांगं ना, आमले गरज नही म्हनीसन."

सूर्य कलायला लागला. आत सुनंदा हळद लागलेल्या अंगानं, बाशिंग बांधून बसली होती. भिकुबाई बाहेर आली आणि इतका वेळ दाबून धरलेलं सगळं बाहेर पडलं.

"आग लागो तुमना वायरले! पोर बाशिंग बांधीसन बठेल शे, नि तुम्ही तारा मोजी ऱ्हायनात!"

लोटन पायरीवर बसला. नवा गुलाबी फेटा त्यानं सकाळीच बांधला होता, तो घामानं भिजला होता. मला त्याची इतकी दया आली, आणि स्वतःची इतकी चीड आली, की मी पुनामामाच्या पाया पडायला तयार झालो होतो. लोटन बराच वेळ खांबावरच्या लाल वेढ्यांकडे बघत राहिला. मग उठला.

"निर्मलशेठ, पक्कड द्या."

त्यानं पुनाला सोबत घेतलं, शाळेत गेला आणि आबांच्या पाठीला सांगितलं, "आबा, मशीन मधमा ठेवूत. तुमना भोंगाले शंभर वार, मांडवना भोंगाले शंभर वार. एकच वायर, एकच जाडी, एकच लांबी. कोनले एक तार कमी नही, एक जास्ती नही."

आबा भिंतीकडून वळले. "मध कोन ठरावस?"

आधी पावलं टाकून मोजायचं ठरलं. पुनामामा ढांगा टाकणारा आणि वऱ्हाडाकडचा माणूस बुटका. मध्य एकदा गणपतीच्या देवळाशी आला आणि एकदा पिठाच्या गिरणीत. शेवटी लोटननं लाल वायर खांबांवरून उतरवली, निंबापासून शाळेपर्यंत जमिनीवर ताणली, आणि दोन टोकं जुळवून दुहेरी केली. घडी पडली ती जागा बरोबर तानुबाईच्या उकिरड्यावर आली. दोन्ही पक्षांनी वाकून पाहिलं. कुणालाही काही बोलायला जागा नव्हती.

लोटननं ती घडी डाव्या हातात धरली आणि पक्कड लावली. हात थांबला. वीस वर्षं सांध्याला शिव्या देणाऱ्या माणसाच्या हातात आयुष्यातली एकमेव सलग दोनशे वार वायर होती. ती त्यानं माझ्यादेखत कापली. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, तीन पत्रं लिहिली होती मी तिच्यासाठी. माघात मी पुढे ठेवली होती ती शंभर-शंभर वारांची दोन बंडलं घेतली असती, तर आता कापायचीही गरज नव्हती. हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण एका लग्नात तोंड उघडून जेवढं व्हायचं तेवढं माझ्याकडून झालं होतं.

मशीन उकिरड्याच्या माथ्यावर गेलं. खाली फळी टाकली, बाजूला बॅटरी. मांडवातल्या माईकची जाळीवाली वायर सभांसाठीची होती, ती इथपर्यंत पुरली. दोन लाल वायरी दोन दिशांना गेल्या. लोटननं तबकडी लावली आणि दोन्ही भोंगे एकाच दमात गायला लागले.

वऱ्हाड उठलं. पुनामामा भाचीला आणायला आत गेला. आता सगळं सुरळीत झालं म्हणून मी मशीनपाशी बसायला पुढे झालो आणि लोटन फेटा नीट करून मांडवाकडे निघाला. तेवढ्यात धनसिंग आबा धोतर सावरत उकिरडा चढून वर आले.

"दोन्ही भोंगा सारखा वाजतस का नही," ते म्हणाले, "हाई मांडवमा बठीसन समजत नही, नि जानोसामा बठीसन बी समजत नही. हाई समजस मधमा. मी आठेच बठसू."

आणि फळीवर बसले. नवरदेवाचे वडील, जरीचा फेटा, शेणाच्या ढिगावर. लोटननं त्यांना नमस्कार केला आणि एक पाऊल खाली टाकलं.

"कोठे चालनात, याही? मी नवरदेवना बाप उकिरडावर, नि तुम्ही नवरीना बाप मांडवमा? मंग सारखा मान कसाना हाऊ?"

मी म्हणालो, "आबा, मुलीचं लग्न आहे हो त्यांच्या. मी थांबतो की तुमच्याजवळ."

"मना बी पोऱ्यानं लगीन शे," आबा म्हणाले. ते खरंच होतं.

लोटननं मांडवाकडे पाहिलं. माणसं जमली होती, अंतरपाटाचं पांढरं धोतर कुणीतरी झटकत होतं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी नजर चुकवली. कारण मी ते वाक्य बोललो नसतो तर तो आत्ता तिथे समोर उभा असता. "बरं शे, आबा," तो म्हणाला आणि फळीवर बसला, व्याह्यांच्या शेजारी. हात आपोआप बटणावर गेला. मांडवात निरोप गेला, कन्यादानाला पुना आणि त्याची बायको बसू देत.

मी बॅटरीच्या तारा धरून त्यांच्यामागे उकिडवा बसलो. गुरं परतत होती. मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींचा आवाज एका कानात निंबावरून येई, दुसऱ्या कानात शाळेवरून, आणि दोन्ही बरोबर एकाच वेळी. धनसिंग आबा डोळे मिटून, मान एकदा इकडे एकदा तिकडे वळवत, पारखत होते. लोटन नेहमीसारखा मशीनकडे बघत होता. उकिरड्यावरून मांडवाचा पुढचा भाग दिसत होता. पण त्यानं मान वर केली नाही. अक्षता पडल्या, वाजंत्री सुटली, भोंग्यानं शिट्टी मारायला तोंड उघडलं, आणि लोटननं केसभर बटण फिरवून ती जागच्या जागी मारली. चारशे एकावं लग्न लागलं. तेही त्यानं पाहिलं नाही.

त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता.

वाजंत्री थांबली. भोंग्यातून नुसती माणसांची गजबज येत होती. मग माईकवर काहीतरी खरखरलं, बांगड्या वाजल्या, आणि दोन्ही भोंग्यांतून, निंबावरून आणि शाळेवरून, अख्ख्या नांदरखेड्यावर सुनंदाचा आवाज आला.

"नाना, आवाज ऐकू येस का?"

नवी नवरी, डोक्यात अक्षता, सासरचे लोक समोर, आणि ती माईकवर बोलत होती. लोटन ताडकन उभा राहिला. उत्तर द्यायला माईक नव्हता. त्यानं डोक्यावरचा गुलाबी फेटा ओढून काढला, तो उलगडत गेला, आणि उकिरड्याच्या टोकावर जाऊन तो दोन्ही हातांनी, वेड्यासारखा, हलवायला लागला.

धनसिंग आबांनी डोळे उघडले. फेट्याकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं. मांडवातून एक हिरव्या बांगड्यांचा हात वर झालेला मलाही दिसला.

"जा, याही," आबा म्हणाले. "पोर ईचारी ऱ्हायनी."

"पन आबा, मान..."

"जा म्हनस ना! मशीन मी देखस."

लोटन उकिरडा धावत उतरला, अर्धा घसरत, फेटा मागे शेणातून ओढत. "बटनले हात लावू नका, आबा!" एवढं त्यानं वळून ओरडून सांगितलं आणि पुढे पळाला.

तो मांडवात शिरला, तशी माणसं बाजूला झाली. सुनंदा त्याच्या गळ्यात पडली तेव्हा ते सगळ्यांना दिसलं असेल. मला तर डोळे भरल्यामुळे नुसता गुलाबी-हिरवा ठिपका दिसला. धनसिंग आबांनाही तसंच काहीसं झालं असावं. ते नाक ओढून म्हणाले, "पोर रडी ऱ्हायनी. नीट ऐकू येत नही," आणि मी हात धरायच्या आत त्यांनी बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

दोन्ही भोंग्यांनी एकदम अशी शिट्टी मारली की तापीच्या पलीकडचे कावळे उडाले. मांडवात बायका कानांवर हात ठेवून खाली बसल्या, शाळेत मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या हातातला चहा सांडला, आणि पुनामामा निंबावरच्या भोंग्याकडे बघून अभिमानानं हसला. शिट्टी दोन्हीकडे अगदी सारखी होती.